चिंधी बांधलेलं घोसाळं

मी एक जुनी घासणी आहे. अंग घासायची, घोसाळ्याची. जुनी म्हटलं म्हणून फार मागे जाऊ नका. आमच्या जातीत दोनदा गौरी पाहिल्या की म्हातारपण येतं. माझ्या कडा झिजल्या आहेत, मधली जाळी एका बाजूनं बसली आहे, आणि रंग विचाराल तर गाळून टाकलेल्या चहाच्या चोथ्यासारखा झाला आहे. तरी मित्रांनो, माझं ऐकून घ्या. मी जे पाहिलं त्याचा धक्का अजून माझ्या धाग्याधाग्यात बसलेला आहे. तो सांगितल्याशिवाय मला या खिळ्यावरून उतरायचं नाही.

माझा जन्म बेळगावजवळच्या हिंडलग्याचा. गावाच्या कडेला नागुबाईंचं घर आहे. मागे परसू, परसात बांबूचा मांडव आणि मांडवावर घोसाळ्याचा वेल. हे बी नागुबाईंच्या सासूबाईंनी त्यांना दिलं होतं. तेव्हापासून त्या दरसाल मृगात ते लावत आल्या. बी कधी विकत आणायचं नाही, आणि नव्या वेलाची पहिली तोडणी घरात खायची नाही, ती गौरीच्या नैवेद्याला, असा त्यांचा नेम होता. मी त्या वेलावर मागाहून लागले, गौरी जाऊन बरेच दिवस झाल्यावर.

लहानपणी मी सुखात होते. अंगावर हिरवी साल, वर पानांची सावली, आजूबाजूला माझ्याच वयाच्या बहिणी. आपण दिवसभर लोंबकळायचं आणि वारा आला की हलायचं, एवढंच आयुष्य असतं असं मला वाटत होतं. मग एका सकाळी नागुबाई टोपली घेऊन आल्या आणि माझ्या शेजारची बहीण देठापासून तोडून घेऊन गेल्या. थोड्या वेळानं मागच्या दारातून विळीचा आवाज आला, मग फोडणीचा. माणसं आम्हाला खातात, हे मला त्या दिवशी कळलं. मी अशी हादरले की दिवसभर वाऱ्यानंही हलले नाही.

दुसऱ्या दिवशी टोपली माझ्याकडे वळली. नागुबाईंनी मला हातात धरलं, उलटंसुलटं केलं, बोटांनी चाचपलं. आता आपलं भरलं, असं मी समजले. पण त्यांनी जुन्या लुगड्याच्या काठाची एक चिंधी फाडली, माझ्या देठाला बांधली आणि घरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ह्येला कुणी हात लावायचा न्हाय. ह्ये बीचं हाय."

मित्रांनो, आमच्या भागात चिंधी बांधलेल्या फळाला कोणी शिवत नाही. वाटेनं जाणारा माणूस दुसऱ्याच्या परसातला दोडका सहज खुडेल, पण चिंधी दिसली की हात मागे घेईल. त्या चिंधीनं मी एकदम मोठी झाले. बहिणी एकामागून एक भाजीत गेल्या आणि मी वर लटकून त्यांच्याकडे पाहत राहिले. थोडा गर्वही झाला, तो लपवत नाही. सासूनं सुनेला द्यायचं घरचं बी माझ्या पोटात होतं.

त्याच मांडवाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक वेल होता. तो सूनबाईंचा. माधवी तिचं नाव, माहेर लोंढ्याचं. तिकडे रानाकडेच्या कुंपणांवर कडू घोसाळी माजतात. ती कोणी खात नाही. वाळवून त्यांच्या घासण्या करतात, कारण त्यांची जाळी चांगली दणकट होते. माधवीची लेक आरोही लहान होती आणि दुकानातल्या नायलॉनच्या घासणीनं तिच्या अंगावर लाल चट्टे उठत होते. म्हणून माधवीनं माहेरून मूठभर बी आणून त्याच वर्षी लावलं होतं.

नागुबाईंना ते आवडलं नव्हतं. "कडू वेल घरात कशाला गं?" असं त्यांनी विचारलंही होतं.

"खायला न्हाय आत्ती, घासायला," माधवी म्हणाली होती. ती सासूला आत्ती म्हणते.

मलाही तो शेजार आवडत नव्हता. त्या लोंढ्याच्या वेलाची पानं खरबरीत, वाढ आडदांड, मांडव आपल्या बापाचा असल्यासारखा पसरत यायचा. आम्ही घरंदाज, गौरीच्या ताटातले. हे रानातले, न्हाणीतले. मी त्याच्याकडे पाठ करूनच वाढले. सकाळी दोन्ही वेलांची पिवळी फुलं उघडायची आणि मधमाश्या इकडून तिकडे, तिकडून इकडे करत राहायच्या. मी फूल असताना माझ्याकडेही त्या आल्या होत्या. पाहुणी कुठून आली, पायाला काय लावून आली, हे मी काही विचारलं नाही. कोणतं फूल विचारतं?

थंडीत मी पिकले. हिरवी साल पिवळी पडली, मग तपकिरी. अंगातलं पाणी आटून गेलं आणि मी इतकी हलकी झाले की मलाच भीती वाटू लागली. वारा आला की पोटात बिया खुळखुळायच्या. तो आवाज ऐकून नागुबाईंनी मला उतरवलं. टोकाची टोपी मोडून मला उलटं धरलं आणि सुपात झाडलं. काळ्या, चपट्या, चकचकीत बिया सुपात पडल्या. नागुबाईंनी त्या राखेत घोळून पुरचुंडी बांधली आणि स्वयंपाकघरात आढ्याला टांगली.

मला वाटलं, आता माझं काम झालं. पण माधवीनं मला तिच्या कडू घोसाळ्यांबरोबर पाण्याच्या घमेल्यात टाकलं. माझ्या अब्रूचा तिनं काही विचार केला नाही. साल भिजून सुटली, ती तिनं सोलून काढली. मग दगडावर आपटून, चोळून, पाणी बदलून बदलून माझ्यातला सगळा बुळबुळीतपणा काढला आणि पत्र्यावर कडक उन्हात वाळवलं. साल गेल्यावर मी पहिल्यांदा स्वतःला पाहिलं. आत एवढी सुरेख जाळी आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. आयुष्यात मला बसलेला हा एकच धक्का चांगला होता.

माझ्या वाट्याला नागुबाई आल्या. लोंढ्याच्या घासण्या आरोहीला, माधवीला आणि नागुबाईंच्या मुलाला, आदर्शला मिळाल्या. आदर्श रोज स्कूटरवरून बेळगावला नोकरीला जातो. काही घासण्या माधवीनं मैत्रिणींना वाटल्या आणि त्यांनी तिची फार तारीफ केली. नागुबाई मात्र म्हणायच्या, "मला आपलं आमच्या येलाचंच बरं." हे ऐकलं की मी फुगायचे, म्हणजे पाण्यानं फुगायचे त्याहून थोडी जास्तच.

त्यांची एकच अडचण होती. पाठीच्या मधोमध त्यांचा हात पोचायचा नाही. माधवी दारातून विचारायची, "आत्ती, पाठ घासू का?" नागुबाई आतून म्हणायच्या, "नगं, मला हात हायत." मग मला दोन बोटांत धरून त्या धडपडायच्या आणि तेवढी जागा तशीच राहायची. अंघोळ झाली की मला पिळून मागच्या दाराच्या खिळ्याला लावायच्या. तिथं ऊन असे, आणि तिथून स्वयंपाकघर सगळं दिसे.

मृगात माधवीनं तिचं कडू बी दुसऱ्या टोकाला पुन्हा लावलं आणि इकडे पुरचुंडी उतरली. माझं बी जमिनीत गेलं. कोंब आले, वेल मांडवावर चढला, फुलला. मी खिळ्यावरून रोज बघायचे. हे माझे, असं वाटायचं. गौरी आल्या तेव्हा पहिली फळं तोडणीला आली होती. कोवळी, लुसलुशीत, अगदी माझ्या लहानपणीसारखी.

गौरीच्या जेवणाच्या दिवशी सकाळपासून चूल आणि गॅस दोन्ही पेटले होते. पुरण शिजत होतं. माधवी घोसाळ्याच्या चकत्या करायला बसली. विळीवर पहिलं फळ कापल्यावर तिनं एक चकती उचलली.

"आत्ती, आमच्यात घोसाळं चिरताना जिभेला लावून बघत्यात," ती म्हणाली. "बघू का?"

नागुबाई पुरण घोटत होत्या. त्यांनी मान वर केली. "आगं, नैवेद्याचं उष्टं करतीस व्हय? गौरीच्या आधी तू जेवणार? ठेव ती."

माधवीनं चकती परत ताटात ठेवली. तिचं काही चुकलं नव्हतं आणि नागुबाईंचंही नेमाप्रमाणे बरोबरच होतं. नैवेद्य दाखवायच्या आधी या घरात कधी कोणी मीठही चाखलेलं नाही. पेरावं तसं उगवतं, असं म्हणतात. घरचं बी, घरचा वेल, त्यात चाखायचं काय?

भजी तळली गेली. गौरीला ताट दाखवलं. मग आदर्श आणि आरोही जेवायला बसले. आरोहीनं भजं तोंडात घातलं आणि थुंकलं. "कडू हाय," ती म्हणाली. नागुबाईंनी तिला दटावलं. आदर्शनं एक भजं अर्धं खाल्लं, तोंड वेडंवाकडं केलं आणि उरलेलं ताटाच्या कडेला सारलं. "आई, खरंच कडू आहे. खाऊ नको," तो म्हणाला.

"त्याल कडवट झालं आसंल," नागुबाई म्हणाल्या. "गौरीचा परसाद हाय. टाकायचा न्हाय."

आणि मित्रांनो, मग त्यांनी जे केलं ते पाहून मी खिळ्यावर ताठ झाले. त्यांनी गौरीच्या ताटातली भजी घेतली, सगळ्यांच्या ताटातली उरलेली घेतली, आणि डोळे मिटून, मध्ये मध्ये पाणी पीत, एक एक करून सगळी खाल्ली. माधवी म्हणाली, "आत्ती, ऱ्हाऊ द्या की." पण त्या थांबल्या नाहीत. माझीच लेकरं त्या खात होत्या आणि मला हाक मारायला तोंड नव्हतं.

तासाभरात नागुबाई मागच्या दारात आल्या आणि उंबऱ्यावरच बसल्या. पोट धरून त्यांनी उलटी केली. मग पुन्हा केली. तिसऱ्या उलटीत लाल दिसलं. माधवीनं आदर्शला हाक मारली. आदर्श गाडी आणायला पळाला. माधवीनं पिशवीत लुगडं कोंबलं, टॉवेल कोंबला, साबण टाकला आणि खिळ्यावरून मलाही ओढून टाकलं. घाबरलेल्या माणसाचे हात असेच चालतात. त्यामुळे मी जन्मात पहिल्यांदा घराबाहेर पडले, ती थेट बेळगावच्या दवाखान्यात.

मला पिशवीच्या तोंडाशी जागा मिळाली होती. खाटेवर नागुबाई पडल्या होत्या. चेहरा राखेसारखा, ओठ सुकलेले, हाताला सलाईन. रक्तदाब फार खाली गेला आहे, आज काही सांगता येत नाही, असं डॉक्टर आदर्शला म्हणाले. ज्या पाठीवर मी रोज फिरत होते, ती पाठ श्वासागणिक हलते आहे ना, एवढंच मी बघत राहिले.

उघड्या दाराबाहेर आदर्श माधवीवर धावून गेला. "भज्यात काय घातलंस?" त्यानं विचारलं. "सोडा कुठला? औषध मारलेल्या भांड्यात तर पीठ भिजवलं नाहीस?"

"काय सुदीक न्हाय हो," माधवी म्हणाली.

"मग आई अशी कशी झाली? तुझ्या त्या लोंढ्याच्या वेलाचं घोसाळं तर नाही ना चिरलंस?"

"त्ये मी कशी चिरीन? आत्तींनीच तोडून आणून दिल्ती."

आदर्शचा विश्वास बसला नाही. दवाखान्यात आलेल्या नातेवाइकांमध्येही कुजबुज सुरू झाली. सुनेनंच कडू वेल घरात आणला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माधवी भिंतीला टेकून उभी राहिली आणि पदरानं डोळे पुसत राहिली. तिच्याजवळ कोणी गेलं नाही.

नागुबाईंना बोलता येऊ लागलं ते दुसऱ्या दिवशी. डॉक्टरांनी आधी कानडीत आणि मग मराठीत विचारलं, काय खाल्लं होतं. घोसाळं म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "कडू होतं?"

"व्हय. लई कडू."

"मग थुंकलं का नाही आजी?"

"परसाद हुता," नागुबाई म्हणाल्या.

 डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. घोसाळं, दोडका, दुधी ही कधी कधी कडू निघतात. तो कडूपणा विषासारखा असतो, शिजवून किंवा तळून जात नाही. जेवढं जास्त खाल, तेवढा धोका. मग त्यांनी विचारलं, बी कुठलं? जवळपास कडू वेल होता का? शेजारी कडू वेल असेल तर मधमाश्या तिकडचा पराग इकडे आणतात. त्या वर्षी फळाला काही होत नाही, फळ गोडच लागतं. पण त्याच्या पोटातलं बी बिघडतं आणि पुढच्या वर्षी कडू फळ देतं.

मित्रांनो, मी पिशवीत होते. मला धरायलाही काही नव्हतं. ज्याला मी रानटी म्हणून नाक मुरडलं, ज्याच्याकडे पाठ करून वाढले, तो लोंढा माझ्या पोटात होता. देठाला चिंधी मिरवत मी जे जपलं, ते हे होतं. बहिणी भाजीत गेल्या त्या गोड होत्या, कोणाचं काही बिघडवून गेल्या नाहीत. आणि मी बीचं घोसाळं, मानाचं.

आदर्शनं बायकोकडे पाहिलं. "म्हणजे तुझ्या वेलामुळंच," तो म्हणाला.

माधवी पांढरी पडली. बोलायचं तर ते खरंच होतं.

तेव्हा नागुबाईंनी सलाईनचा हात थोडा उचलला. "आदर्शा, गप," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की सगळ्यांना वाकावं लागलं. "तिनं चकती उचलल्याली. चाखू का म्हणून इचारलं तिनं. मी न्हाय म्हणालो. तिनं चाखलं आसतं तर मी हितं नसतो." मग दम खाऊन त्या म्हणाल्या, "आणि तू सांगिटलंस, पोरीनं सांगिटलं, तरीबी मीच खाल्लं. तिला काय बोलू नगंस."

असं त्यांनी सुनेसाठी कधी कोणासमोर बोललेलं मी ऐकलं नव्हतं. माधवीनंही नसावं, कारण ती तिथंच खाली बसली आणि मोठ्यानं रडली.

नागुबाई घरी आल्या तेव्हा त्यांच्यात स्वतः तांब्या उचलायचीही ताकद नव्हती. माधवीनं न्हाणीत पाट मांडला, त्यांना बसवलं आणि मला हातात घेतलं. या वेळी तिनं विचारलं नाही आणि नागुबाईंनीही नको म्हटलं नाही. पाठीच्या मधोमध जिथं मी कधी पोचले नव्हते, तिथं माधवीनं मला हळूहळू फिरवलं. नागुबाई डोळे मिटून बसल्या होत्या. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "जरा वर. हां, तितंच."

माझ्या बियांचा वेल आदर्शनं मुळासकट उपटला. पुरचुंडीत उरलेलं बी नागुबाईंनी स्वतः चुलीत टाकलं. ते तडतडलं तेव्हा मी मागच्या दारात वाळत होते. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. माधवीनं तिचाही वेल काढायला कोयता आणला होता, पण नागुबाईंनी तिला थांबवलं. "त्यो पयल्यापास्नं कडू हाय आणि कडूच म्हणून उभा ऱ्हायलाय. त्येचा काय गुन्हा?" त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे घासायला. आपुन हितलं बी धरायचं न्हाय, एवढंच."

आता घरचं बी गेलं, असं सगळ्यांना वाटलं. सासूनं दिलेलं आपण बुडवलं म्हणून नागुबाई जेवताना मध्येच थांबायच्या. मग एक दिवस निपाणीहून त्यांची धाकटी बहीण मालुबाई भेटायला आली. तिनं कनवटीची गाठ सोडून काळ्या बिया आक्काच्या हातावर ठेवल्या. कैक वर्षांपूर्वी नागुबाईंनीच तिला हे बी दिलं होतं, लोंढ्याचा वेल यायच्या खूप आधी. मालुबाई ते तिकडे दरसाल लावत होती. "तुझंच हाय आक्का. परत घे," ती म्हणाली. वाटलं होतं म्हणून उरलं होतं. आता दर मृगाला बी निपाणीहून येणार आहे, आणि या मांडवावर कोणत्याच फळाला चिंधी बांधली जाणार नाही. म्हणजे मी या घरातलं शेवटचं बीचं घोसाळं.

यंदा गौरी आल्या तेव्हा माझी जाळी विरली होती. आरोहीकडे माधवीच्या वेलाची नवी, टणक घासणी आली. मला मात्र नागुबाईंनी टाकू दिलं नाही. त्या दिवशीही मी मागच्या दाराच्या खिळ्यालाच होते. मालुबाईच्या बियांची पहिली फळं ताटात होती. माधवी विळीवर बसली, पण हात पुढे करीना. आळीतल्या बायका नैवेद्याला मदत करायला आल्या होत्या आणि सगळ्या बघत होत्या.

नागुबाई उठून आल्या. त्यांनी स्वतः फळाची एक चकती कापली आणि सगळ्यांदेखत जिभेला लावली. एका बाईनं तोंडावर हात नेला. "आवं, नैवेद्याचं," ती पुटपुटली.

नागुबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी दुसरी चकती कापून माधवीच्या पुढे धरली. "माझी जीभ म्हातारी हाय. तू बघ."

माधवीनं ती चघळली. 

"गोड हाय आत्ती."

"मग आता दाव गौरीला," नागुबाई म्हणाल्या.

मित्रांनो, मी थोड्या दिवसांत या खिळ्यावरून उतरून वेलाच्या बुंध्याशी जाईन आणि माती होईन. तोवर माझं एवढं ऐका. तुमच्याकडे घासणी असेल तर वापरून झाल्यावर पिळून उन्हात टांगा, ओली राहिली की ती कुजते. घोसाळं, दोडका, दुधी चिरताना पहिली चकती जिभेला लावा. कडू लागली तर लगेच थुंका, चूळ भरा आणि बाकीचं फळ फेकून द्या. ते घरचं असो, मानाचं असो, चिंधी बांधून जपलेलं असो. प्रसाद असला तरी थुंका. गौरी तिथंच बसली होती. उष्टं केलं म्हणून ती कोणावर रागावलेली मी तरी पाहिली नाही.